पिराहां भाषा आणि तिचे आवाज: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

ब्राझीलच्या जंगलातल्या या भाषेबद्दल मी अधूनमधून बोलत असतो, आणि दर वेळी तेच प्रश्न परत येतात. बऱ्याच जणांनी "जगातली सगळ्यात सोपी भाषा, फक्त दहा आवाज" असं काहीतरी वाचलेलं असतं आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. ही भाषा नेमकी कुठे बोलतात? किती लोक बोलतात?

ब्राझीलच्या आमाझोनास राज्यात मैसी नावाची नदी आहे, ती मार्मेलोस नदीला मिळते आणि ते पाणी पुढे मादेइरा या मोठ्या नदीत जातं. या मैसीच्या काठाने पिराहां लोकांच्या छोट्या छोट्या वस्त्या आहेत. बोलणारे फक्त काही शेकडो. मुरा नावाच्या भाषाकुळातली ही एकच भाषा आता जिवंत आहे, बाकीच्या बहिणी गेल्या. त्या कशा गेल्या ते प्रश्न १४ मध्ये.

२. "पिराहां" म्हणायचं की "पिराहा"? आणि ते लोक स्वतःला काय म्हणतात?

शेवटचा "हां" नाकातून, आपण फोनवर "हां, बोल" म्हणतो ना तसाच, आणि जोरही त्याच्यावरच. पण हे नाव पोर्तुगीजमधलं आहे, त्यांचं नाही. ते स्वतःला साधारण "हिआइतीइही" म्हणतात. आपल्या भाषेला त्यांचा शब्द आहे त्याचा अर्थ होतो "सरळ डोकं" आणि बाकी सगळ्यांच्या भाषा म्हणजे "वाकडं डोकं"! मला हे फार आवडतं, कारण प्रत्येक माणसाला आतून असंच वाटत असतं. आणि एक गंमत बघा, त्यांच्या भाषेत नाकातला वेगळा आवाजच मोजला जात नाही (प्रश्न ६), म्हणजे जगाने दिलेल्या नावातला शेवटचा आवाज त्यांच्या हिशोबात बसतच नाही.

३. खरंच फक्त दहा-अकरा आवाज आहेत का? आपल्या बाराखडीपुढे हे काहीच नाही!

हो, अर्थ बदलणारे आवाज मोजले तर तेवढेच. स्वर तीन: आ, इ, ओ. त्यातला इ कधीकधी ए-कडे झुकतो आणि ओ कधी उ-सारखा ऐकू येतो, पण त्याने अर्थ बदलत नाही. व्यंजनं प, त, क, ब, ग, स, ह आणि आठवं म्हणजे घशातली अडक, जिच्याबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलंय. ख-घ-फ-भ नाहीत, ल नाही, ळ नाही, र नाही, च-ज नाहीत. मराठी माणसाला हे ऐकून अर्धं घर रिकामं वाटतं. पण इथे थांबू नका, कारण या भाषेचा निम्मा संसार व्यंजनांमध्ये नाहीच, तो सुरात, लांबीत आणि आघातात (कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा त्यात) आहे (प्रश्न ८, १० आणि ११ वाचल्याशिवाय मत बनवू नका प्लीज).

४. कुठे दहा लिहिलंय, कुठे अकरा, कुठे तेरा. नक्की आकडा कुठला?

तीन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे क. काही ठिकाणी "क" हा स्वतंत्र आवाज नसून "ह" आणि "इ" एकत्र आल्यावर तयार होतो असं डॅनियल एव्हरेट या भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं. ते मान्य केलं तर एक व्यंजन कमी होतं, मग पुरुषांचे आवाज दहा. दुसरी म्हणजे स, जो बायकांच्या बोलण्यात गळतो (प्रश्न ५), मग अजून एक कमी. तिसरी म्हणजे उंच आणि खालचा सूर वेगळे धरायचे की नाही, ते धरले की आकडा वर जातो. म्हणून "जगात सगळ्यात कमी आवाज" हा मान पिराहांचा की पापुआ न्यू गिनीच्या बूगनव्हिल बेटावरच्या रोटोकास भाषेचा (तिथे अकरा मोजतात), हा वाद काही मिटत नाही, आणि मला विचाराल तर त्या शर्यतीत अर्थ पण नाही.

५. बायका "स" म्हणत नाहीत हे खरं आहे का? मग त्या काय म्हणतात?

स च्या जागी ह. असा बदल जगात नवीन नाही, आपल्या शेजारी काठियावाडकडे "सारु"चं "हारु" होतंच की. फरक एवढाच की इथे तो गावाप्रमाणे न होता बाई-पुरुष असा होतो. शिवाय बायकांचं बोलणं एकूणच जरा जास्त घशातून, मागून येतं असं ऐकणाऱ्यांनी नोंदवलंय.

पुरुषांच्या "स"चीही एक मजा आहे, तो इ च्या आधी आला की श होतो. हे तर आपल्या अगदी ओळखीचं. हिंदीत "सीना", मराठीत "शिवणे". हिंदीत "सींचना", मराठीत "शिंपणे". इ समोर दिसला की जीभ आपोआप वर सरकते, मैसीच्या काठावर काय आणि मुळा-मुठेच्या काठावर काय.

६. म आणि न नाहीत म्हणता, पण मी रेकॉर्डिंग ऐकलं त्यात स्पष्ट "म" होता. हे कसं?

तुमचे कान बरोबर आहेत. शब्द थांब्यानंतर सुरू होत असेल तर "ब" चा उच्चार म सारखा होतो आणि "ग" चा न सारखा. पण ब च्या ऐवजी म म्हटल्याने दुसरा शब्द तयार होत नाही, म्हणून म हा वेगळा आवाज मोजत नाहीत, तो ब चाच एक अवतार.

हे पटत नसेल तर स्वतःवर करून बघा. आधी "डबा" म्हणा, मग "घोडा" म्हणा. जीभ कुठे लागते ते नीट बघा. डबा मधला ड ठाम आपटतो, घोडा मधला ड नुसता चाटून जातो, जवळजवळ हिंदीतल्या ड़ सारखा. आयुष्यभर दोन वेगळे आवाज काढत आलो आणि एकाच अक्षराने लिहीत आलो, आणि शाळेत कोणी सांगितलं पण नाही कारण सांगायची गरजच पडली नाही. पिराहां माणसाला त्याचा ब आणि म तसाच एक वाटतो.

७. त्यांच्या शब्दांत सारखा रोमन "एक्स" दिसतो, तो कसा वाचायचा?

एक्स म्हणून अजिबात नाही! ती घशातली अडक आहे. लहान मूल गरम भांड्याकडे हात नेतं आणि आपण "अ-अ! हात नको लावू" म्हणतो, त्या दोन अ च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो ना, तोच तो आवाज. आपल्याकडे तो अशा इशाऱ्यांपुरताच येतो, कुठल्याही शब्दाचं स्पेलिंग त्याच्यावर अडत नाही. पिराहांमध्ये तो प किंवा त इतकाच पक्का व्यंजन आहे आणि कित्येक शब्द त्यानेच सुरू होतात. भाषेचा अभ्यास करायला आलेल्या लोकांनी रोमन लिपी वापरली, त्यात या आवाजाला अक्षर नव्हतं, म्हणून एक्स घेतला.

८. सूर म्हणजे काय? आपण पण वर-खाली आवाज करून बोलतोच की!

करतो, पण त्याने शब्द बदलत नाही, वाक्याचा हेतू बदलतो. "आलास." आणि "आलास?" यात आवाज वर गेला म्हणून प्रश्न झाला, पण येण्याचं जाणं झालं नाही. पिराहांमध्ये प्रत्येक स्वराला उंच किंवा खालचा सूर असतो आणि तो बदलला की शब्दच दुसरा. (इथे स्वर म्हणजे आ-इ-ओ आणि सूर म्हणजे आवाजाची उंची, दोन्ही मिसळू नका, माझी पण सुरुवातीला गडबड व्हायची.)

सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण हे. "बगिआइ" हा शब्द घ्या. फक्त "आ" उंच म्हटला तर अर्थ "मित्र". तोच शब्द, पण पहिला "ब" पण उंच केला तर अर्थ "शत्रू". मी मोबाईलवर माझा आवाज रेकॉर्ड करून हे दोन शब्द म्हणून बघितले, दहा वेळा म्हटले, आणि परत ऐकल्यावर कुठला मित्र आणि कुठला शत्रू ते मलाच कळेना, कारण मराठी जीभ सवयीने शब्दाची सुरुवात जरा उचलून धरते. म्हणजे प्रेमाने मित्र म्हणायला जावं आणि सुरुवातीलाच घोळ!

बाकी सूर असलेल्या भाषा काही दुर्मिळ नाहीत, आपल्याच देशात पंजाबी आहे. पण पंजाबीला मदतीला व्यंजनांची भरपूर फौज आहे, पिराहांमध्ये सुरावरच फार मोठा भार आहे.

९. एकच शब्द पाच प्रकारे म्हणतात असं ऐकलं. मग चूक-बरोबर कसं ठरतं?

हा प्रसंग एव्हरेट यांनीच सांगितलेला. "डोकं" याला शब्द विचारला. समोरच्याने सांगितला "अपपाइ" (सुरुवातीला घशातली अडक). परत विचारलं तर "कपपाइ". मग "पपपाइ". मग अडक-अडक-अडक घालून "अअआइ". मग "कककाइ". आणि विचारलं की हे सगळं एकच का, तर हो, एकच. नुकता शिकायला आलेला माणूस वहीत काय लिहिणार सांगा!

पण यात एक शिस्त आहे. व्यंजनं इकडची तिकडे झाली तरी सुरांचा साचा आणि अक्षरांची लांबी जागेवर असते. ऐकणारा तो साचा ओळखतो. आपल्याकडे कोणी जेवता जेवता तोंडात घास ठेवून "हाणी हे हरा" म्हटलं तरी आई पाणी आणून देतेच की, कारण चाल कळते. फरक असा की आपल्याकडे तो अपवाद, तिथे नेहमीचं बोलणं. आणि कुठलंही व्यंजन कशाच्याही जागी चालतं असा अर्थ घेऊ नका, ही सूट ठरावीक शब्दांत आणि ठरावीक आवाजांतच आहे.

१०. शिट्टी वाजवून बोलतात ते खरं की टुरिस्ट लोकांच्या गोष्टी?

शंभर टक्के खरं, आणि नुसती शिट्टी नाही. भाषा पाच वाटांनी चालते: साधं बोलणं, शिट्टी, गुणगुणणं, हाका, आणि गाण्यासारखं बोलणं.

शिट्टी पुरुषांची, आणि मुख्य म्हणजे शिकारीची. जंगलात माणसाचा आवाज ऐकला की जनावर पळतं, शिट्टी मात्र पक्ष्यांच्या आवाजात मिसळून जाते, आणि त्या शिट्टीत "तू तिकडून ये, मी इकडून जातो" असं पूर्ण बोलणं होतं. ठरलेले चार-पाच इशारे नाहीत, वाक्यं आहेत वाक्यं. हाका मारायच्या त्या नदीच्या या काठावरून त्या काठावर, किंवा धो धो पावसात. त्यात जवळपास सगळे स्वर "आ" होतात आणि व्यंजनं क किंवा घशातली अडक एवढीच उरतात. गाण्यासारखं बोलणं नवीन बातमी सांगताना, आत्म्यांबद्दल बोलताना, आणि त्यात बायका जास्त तरबेज. गुणगुणणं खाजगी गोष्टींसाठी, तोंडात घास असताना, आणि आई-मुलाच्या मध्ये.

आता हे शक्य कसं होतं? प्रश्न ८ आणि ९ जोडून बघा. व्यंजनं काढून टाकली तरी सूर, लांबी आणि आघात उरतात आणि तेवढ्यावर अर्थ पोचतो. मराठी वाक्य शिट्टीत म्हणून बघा, फार फार तर तो प्रश्न आहे की रागावणं एवढंच समजेल.

११. आघाताचा नियम एवढा फेमस का आहे? जरा सोप्या भाषेत सांगा ना.

याच्यासाठी आपल्या वृत्तांची मदत घेऊ. शाळेत लघु-गुरू लावले असतील. "का" गुरू आणि "गा" पण गुरू, "क" लघु आणि "ग" पण लघु. अक्षराच्या सुरुवातीचं व्यंजन कुठलं आहे हे आपण बघतच नाही, फक्त स्वर ऱ्हस्व की दीर्घ आणि पुढे जोडाक्षर आहे का ते बघतो. जगभरच्या भाषांबद्दल भाषाशास्त्रज्ञ पण हेच धरून चालले होते की अक्षराचं वजन सुरुवातीच्या व्यंजनावर ठरत नाही.

मग 1984 मध्ये डॅनियल आणि केरन एव्हरेट यांनी लेख लिहून दाखवलं की पिराहांमध्ये ठरतं! इथे पाच वजनं आहेत. सगळ्यात जड म्हणजे क-प-त सारखं कठोर व्यंजन आणि पुढे लांब स्वर. त्याखाली ग-ब सारखं मृदू व्यंजन आणि लांब स्वर. मग व्यंजनाशिवाय नुसता लांब स्वर. मग कठोर व्यंजन आणि आखूड स्वर. आणि सगळ्यात हलकं मृदू व्यंजन आणि आखूड स्वर. शब्दाची शेवटची तीन अक्षरं घ्यायची, त्यात जे सगळ्यात जड त्याच्यावर जोर, दोन सारखीच जड असतील तर शेवटाकडचं. म्हणजे आपल्या मोजणीत "का" आणि "गा" सारखे, त्यांच्या कानात "का" जड. आणि हा जोर सुरापेक्षा वेगळा चालतो, अक्षर खालच्या सुरात असूनही त्याच्यावर जोर असू शकतो.

एका छोट्या नदीकाठच्या काही शेकडो लोकांनी अख्ख्या शास्त्राचं गृहीतक हलवलं, मला तर हे अजूनही वाचताना भारी वाटतं.

१२. काही आवाज ते बाहेरच्यांपासून लपवतात असं वाचलं. का?

दोन आवाज आहेत. एकात जिभेचं टोक आधी वरच्या हिरडीला लागतं आणि मग बाहेर येऊन खालच्या ओठावर आपटतं. असा आवाज दुसऱ्या भाषेत नोंदलेला नाही. दुसरा म्हणजे त म्हणता म्हणता ओठ थरथरवणं, आपण थंडीत "ब्रर्र" करतो त्यातली थरथर त ला जोडायची. हा दुसरा आवाज ब्राझीलमध्येच रोंदोनिया भागात वारी आणि ओरो विन या भाषांमध्येही सापडलाय.

नदीवरून येणारे व्यापारी हे आवाज ऐकून हसायचे, नक्कल करायचे. म्हणून बाहेरचा माणूस समोर असला की ते आवाज टाळायचे, त्याच्या जागी साधा आवाज वापरायचे. अर्थ बदलत नाही त्यामुळे खपून जातं. स्वतः एव्हरेट यांना तिथे राहून बरीच वर्षं झाल्यावर दुसरा आवाज लक्षात आला. आपल्याकडे गावाकडून आलेला पोरगा शहरात कोणी हसू नये म्हणून स्वतःचं "न्हाय" गिळून "नाही" म्हणायला लागतो, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

१३. आकडे नाहीत आणि वाक्यात वाक्य नाही, या वादाबद्दल का लिहीत नाही?

हे पान आवाजांबद्दल आहे म्हणून थोडक्यात. आकड्यांच्या जागी दोन शब्द सांगतात, आणि दोन्ही "होइ"! "हो" उंच आणि "इ" खाली म्हणजे थोडंसं, एकाच्या आसपास. "हो" खाली आणि "इ" उंच म्हणजे जरा जास्त, दोनाच्या आसपास. फरक फक्त सुराचा. 2008 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात दोऱ्याची दहा रिळं मांडून एकेक कमी करत नेली, तेव्हा पहिला "होइ" सहा रिळांपर्यंत सुद्धा वापरला गेला, म्हणजे तो "एक" नाहीच, तो "थोडं" आहे.

वाक्यात वाक्य (जसं "तो म्हणाला की मी येतो") घालता येतं की नाही यावर 2005 मध्ये एव्हरेट यांच्या लेखाने मोठं भांडण सुरू झालं, 2009 मध्ये नेव्हिन्स, पेसेत्स्की आणि रॉड्रिग्स या भाषाशास्त्रज्ञांनी सविस्तर उत्तर दिलं, अजून चालूच आहे. त्या गोंधळात आवाजांची ही सगळी श्रीमंती मागे पडली याचं मला वाईट वाटतं, बाकी त्या वादात मला पडायचं नाही.

१४. मुलं अजून ही भाषा बोलतात ना? मग धोका कसला?

बोलतात, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. बाहेरच्या व्यापाऱ्यांशी दोनशेहून जास्त वर्षं संबंध असूनही बहुतेक लोक एकभाषी राहिले, पुरुषांना व्यवहारापुरती पोर्तुगीज येते तेवढीच.

पण त्यांच्या भाऊबंदांचं काय झालं ते बघा. मुरा लोक अठराव्या शतकात संख्येने मोठे होते, पोर्तुगीजांशी लढत होते. पुढे 1835 ते 1840 च्या कबानाझें बंडात त्यांची प्रचंड हानी झाली, मग आधी न्येंगातू (त्या भागातली तुपी कुळातली संपर्कभाषा) आणि नंतर पोर्तुगीज असं करत भाषा सुटली. आजही स्वतःला मुरा म्हणवणारे हजारो लोक आहेत, त्यांची भाषा मात्र जुन्या शब्दयाद्यांमध्ये उरली आहे. पिराहांच्या भागातूनही आता ट्रान्स-आमाझोनियन हायवे जातो, सरकारी शाळा आली, वीज आली, टीव्ही आला. शाळा नको असं म्हणायचा मला हक्क नाही, दवाखाना आणि औषधं तर हवीच. पण बोलणारे काही शेकडोच असतील तर एका पिढीने घरात पोर्तुगीज धरली की संपलं, मागे दुसरं गाव नाही.

१५. देवनागरीत लिहिली तर बरी जमेल का?

रोमनपेक्षा काही बाबतीत बरी, कारण स्वरांची लांबी दाखवता येते. पण घशातली अडक आणि सूर यांना चिन्ह नाही. वेदांच्या पोथ्यांत उदात्त-अनुदात्त दाखवायला अक्षरांवर-अक्षरांखाली रेघा देतात, तसं काहीतरी करावं लागेल. सूर न दाखवता लिहिलं तर वाचणाऱ्याला अंदाज करावा लागेल, जसं आपण "जग" एकाच पद्धतीने लिहितो आणि दुनिया की "जगत राहा" हे संदर्भावरून ठरवतो. आपल्याकडे असे शब्द मोजके, तिथे पानभर तेच होईल. या पानावर मी दिलेले शब्द पण अंदाजेच समजा.

१६. एवढी रेकॉर्डिंग झाली आहेत, मग भाषा गेली तरी जपलेलीच राहील ना?

अर्धवट. 1959 पासून मिशनरी आणि भाषाशास्त्रज्ञ तिथे जातायत, गोष्टी, शब्द, वाक्यं टेपवर आहेत, त्यावर 2016 मध्ये वाक्यरचनेचा अभ्यास पण छापून आला. पण टेपवर काय येतं? बाहेरचा माणूस समोर माईक धरून बसलाय आणि त्याच्याशी बोललेलं. प्रश्न १२ मधले आवाज तिथे गिळले जातात. शिट्टी शिकारीत, चालता चालता, शंभर पावलांवरून मारलेली असते. आणि गुणगुणणं तर बहुतेक कोणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच असतं. आई तोंड न उघडता बाळाशी बोलते, त्यात एकही व्यंजन नाही, एकही स्वर नाही, फक्त उंच-खाली आणि लांब-आखूड, आणि मूल भाषा शिकतं त्यातला बराच भाग या गुणगुणण्यातून त्याच्या कानावर पडतो असं तिथे राहिलेल्यांनी लिहून ठेवलंय.